पालवीच्या खाली काय चालले आहे : छाटकलमांच्या नोंदी

१ जून

गेल्या वर्षी बोगनवेलीच्या १२ काड्या लावल्या होत्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांतील १० काड्यांना पालवी फुटली आणि कलमे लागली, असे मी चार जणांना सांगूनही टाकले. तिसऱ्या आठवड्यात मोह आवरला नाही म्हणून एक काडी उपटून पाहिली, तर मुळाचा मागमूसही नव्हता. मग दुसरी, मग तिसरी, असे करत सगळ्याच उपटल्या आणि एकीलाही मूळ निघाले नाही. काडीने स्वतःच्या खोडात साठवलेल्या स्टार्चवर आणि पाण्यावर पालवीसाठी उचल घेतली होती, हे तेव्हा ध्यानात आले. तशाच राहू दिल्या असत्या तर त्यांपैकी काहींना पुढे मुळे फुटली असती का, हे मात्र मी स्वतःच्या हाताने कायमचे पुसून टाकले.

यंदाचा प्रकल्प त्यासाठीच आहे. काडी न हलवता तिची मुळे पाहता यावीत अशी सोय करायची, आणि वर दिसणाऱ्या पालवीचा खालच्या मुळांशी कितपत संबंध असतो, हे नोंदींवरून तपासायचे. जास्वंदाच्या २४ आणि बोगनवेलीच्या २४ काड्या घ्यायच्या. दोन्हींचे प्रत्येकी ८ चे तीन गट करायचे : एक काहीही न लावलेला, दुसरा ०.३ टक्के आयबीए (मुळे फुटण्यास मदत करणारे रसायन) असलेली संजीवक भुकटी लावलेला आणि तिसरा मध लावलेला. मधाचा उपाय इतक्या वेळा ऐकला आहे की तो एकदा मोजून पाहिल्याशिवाय चैन पडणार नाही. याखेरीज जास्वंदाच्या ४ काड्या मुद्दाम उलट्या लावायच्या आणि चाफ्याच्या ४ फांद्या वेगळ्या पद्धतीने. एकूण ५६.

३ जून

आजचा दिवस भरणमाध्यमात गेला. निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मे परलाईट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) असे मिश्रण ठरवले आहे. काडीला मुळे फुटेपर्यंत खताची गरज नसते. तिला ओलावा आणि हवा या दोन गोष्टी एकाच वेळी लागतात, आणि त्या दोन्ही देणे हेच अवघड असते, कारण मिश्रणाच्या ज्या पोकळीत पाणी भरते तिथून हवा हद्दपार होते.

यात कुंडीच्या खोलीचा प्रश्न येतो आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाणी घालून निथळू दिल्यावरही कुंडीच्या तळाशी एक थर पूर्ण ओला राहतो, कारण केशाकर्षणाने धरलेले पाणी गुरुत्वाकर्षणालाही सहजी सुटत नाही. या थराची जाडी मिश्रणाच्या कणांवर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. त्यामुळे एकच मिश्रण १० सेंटिमीटर खोल पेल्यात आणि ५ सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये भरले, तर ओल्या थराची जाडी सारखीच राहते, परंतु ट्रेमध्ये त्या थराच्या वर हवेशीर जागा फारच थोडी उरते. तळाशी खडे किंवा खापऱ्या घालण्याच्या सवयीने हा थर नाहीसा होत नाही, उलट खड्यांच्या उंचीइतका वर सरकतो आणि काडीच्या अधिक जवळ येतो. हे सगळे ठाऊक असूनही पुढे मी काय केले, ते ७ जूनच्या नोंदीत यायचे आहे.

पाहण्याची सोय अशी केली : पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यांना तळाशी भोके पाडली आणि प्रत्येकाभोवती काळा कागद सैल गुंडाळला. कागद बाजूला सरकवला की भिंतीलगतची मुळे दिसावीत, आणि एरवी आत अंधार राहावा. उघड्या पारदर्शक भिंतीमागे शेवाळ माजते, शिवाय मुळेही उजेडापासून दूर वळतात.

७ जून

सकाळी लवकर काड्या कापल्या. रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेले असते आणि पाने ताठ असतात. दुपारी कापलेली काडी पाण्याच्या तुटीनेच आयुष्य सुरू करते. कात्री दर झाडाला स्पिरिटने पुसली.

जास्वंदाच्या काड्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, हिरवेपण संपत येऊन तपकिरी होऊ लागलेल्या, तीन-चार पेरांच्या घेतल्या. तेवढ्या एकसारख्या मिळेनात म्हणून काही टोकाकडच्या कोवळ्या आणि काही बुडाकडच्या जून काड्याही घ्याव्या लागल्या. कोणती कुठली, ते पट्टीवर लिहून ठेवले आहे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका आणि वरचा काप सरळ दिला. तिरक्या कापाचे मुख्य काम माझ्या दृष्टीने एवढेच, की पान झडल्यावर काडीचे बूड कोणते आणि शेंडा कोणता याचा घोळ होऊ नये. खालची पाने काढली, वरची दोन ठेवून ती आडवी निम्मी कापली आणि कळ्या खुडून टाकल्या. पाने अजिबात ठेवली नाहीत तर हिरव्या काडीला अन्न आणि ऑक्झिन (वनस्पतीतील वाढीचे संजीवक) दोन्हींचा पुरवठा तुटतो, सगळी ठेवली तर पाणी शोषायला मुळे नसताना ती पाणी उडवत राहतात. अर्धे पान ही त्यातली तडजोड. बोगनवेलीच्या काड्या पक्व, लाकडी आणि बिनपानाच्या घेतल्या.

भुकटी लावताना थोडीशी वेगळ्या वाटीत काढून घेतली, म्हणजे ओल्या काडीने मूळ डबी बिघडत नाही. काडी बुडवून झटकली आणि आधी काटकीने भोक पाडून मगच रोवली, नाहीतर भुकटी मिश्रणाच्या पृष्ठभागावरच पुसून निघते. आयबीए म्हणजे इंडोल ब्युटिरिक आम्ल. ते मुळे फुटण्यास मदत करते हे झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी १९३५ मध्ये दाखवले आणि तेव्हापासून रोपवाटिकांतून तेच सर्वाधिक वापरात आहे, कारण वनस्पतीतील प्रमुख ऑक्झिन, म्हणजे आयएए, उजेडाने आणि काडीतील विकरांनी लवकर मोडते, तर आयबीए त्यामानाने टिकते.

आता चूक. पेले ३६ च भरले. साध्या व भुकटीच्या ३२ काड्या आणि ४ उलट्या काड्या त्यांत बसल्या, आणि मधाच्या सगळ्या १६ काड्या ५ सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये गेल्या. लावून झाल्यावर लक्षात आले, की मधाचा गट आणि उथळ ट्रे आता एकमेकांपासून वेगळे करता येणार नाहीत. या काड्या पुन्हा काढून लावणे मला पटले नाही. नोंद करून पुढे जात आहे.

८ जून

सर्वांवर पारदर्शक झाकण. सावलीत तापमान २९ अंश. झाकणाच्या आत दव.

११ जून

जास्वंदाच्या बऱ्याच काड्यांचे एक-एक पान पिवळे होऊन गळले. हात लावताच सहज सुटून येणारे पान काडीने स्वतः सोडलेले असते आणि त्यात चिंतेचे कारण नसते. वाळूनही देठाला घट्ट चिकटून राहिलेले पान असेल तर बहुधा काडीच मेलेली असते. दुसऱ्या प्रकारचे एकच पान दिसले.

१५ जून

बोगनवेलीच्या १४ काड्यांचे डोळे फुटले. लालसर, चकचकीत, अगदी लोभस पालवी. कागद सरकवून सोळाही पेले पाहिले : एकाही भिंतीशी मूळ नाही. गेल्या वर्षी नेमका याच वेळी मी आनंदून गेलो होतो.

या विसंगतीचे कारण सोपे आहे. डोळा हा आधीपासून तयार असलेला कोंब असतो. त्याला फक्त उघडायचे असते, आणि शेंडा कापला गेल्यामुळे त्याच्यावरचा दाबही उठलेला असतो. खालच्या टोकाला मात्र तयार असे काही नसते (विलो किंवा पॉप्लर यांसारख्या झाडांच्या खोडात मुळांचे अंकुर आधीच दडलेले असतात, म्हणून ती इतकी सहज लागतात). बोगनवेलीला उतीकराजवळच्या (सालीखालच्या, नव्या पेशी घडवणाऱ्या थराजवळच्या) पेशींचा मूळ स्वभाव बदलून, त्या नव्याने विभागायला लावून मूळ घडवावे लागते. एक काम दार उघडण्याचे आणि दुसरे भिंत फोडून दार बसवण्याचे. पहिले आधी होणारच.

१७ जून

चाफ्याच्या ४ फांद्या आज लावल्या. प्रत्येक सुमारे ३० सेंटिमीटर. कापल्यावर चीक वाहिला, तो थांबल्यावर पाने काढून फांद्या १० दिवस सावलीत कोरड्या ठेवल्या होत्या; कापाची जागा आता कडक झाली आहे. मांसल खोडात पाण्याचा साठा भरपूर असतो, त्यामुळे त्याला वाळण्याची भीती कमी आणि कुजण्याची अधिक. म्हणून झाकण नाही, आणि पाणीही लावताना एकदाच.

२० जून

बोगनवेलीच्या पालवी फुटलेल्या काड्या आता १९. उरलेल्या ५ निवांत आहेत. ही विभागणी पट्ट्यांवर तारखेसह लिहून ठेवली. शेवटच्या हिशेबात हीच कामाची ठरेल.

ट्रेमध्ये जास्वंदाच्या २ काड्यांचे बूड काळे पडून मऊ झाले आहे. त्या काढून ट्रेखाली दोन पट्ट्या घालून तो उचलला. मधात साखर इतकी दाट असते की शुद्ध मधात जंतूंना पाणीच मिळत नाही, आणि त्याच्या जंतुनाशक कीर्तीचे ते एक मोठे कारण आहे. ओल्या कोकोपीटमध्ये मात्र तो काही तासांतच पातळ होतो आणि मग उरते ती बुरशीला आयती मिळालेली साखर. हे पटण्यासारखे आहे, पण ट्रेच्या उथळपणानेही काडी अशीच काळी पडली असती, त्यामुळे दोष मधावर टाकण्याचा अधिकार मी ७ जूनलाच गमावला आहे.

२४ जून

जास्वंदाच्या ३ पेल्यांत भिंतीलगत पांढरी, बोथट टोके दिसली. भिंगाखाली पाहिली; टोकामागे अगदी बारीक लव आहे, म्हणजे मुळेच. सतराव्या दिवशी. तिन्ही काड्या मधल्या भागातल्या आणि तिन्हींच्या वर अजून एकही नवे पान नाही.

२८ जून

दुर्घटना. झाकलेले पेले ज्या जागी असतात तिथे सूर्य हलल्यामुळे आता सकाळी तासभर थेट ऊन येते, हे पाहायचे राहून गेले. पोहोचलो तेव्हा झाकणाखालचा तापमापक ४४ अंश दाखवत होता, बाहेर ३१. बंद जागेत ऊन शिरते, पण तापलेली हवा बाहेर पडत नाही. आणि दमट हवेत पानाला बाष्पोत्सर्जनाने स्वतःला थंड करण्याची सोयही उरत नाही. जास्वंदाच्या साध्या गटातील २ काड्या उकडल्यासारख्या झाल्या. झाकण उघडून सगळे खोल सावलीत हलवले. याचा अर्थ साधा गट आता ८ चा राहिला नाही. मोजताना ८ च धरेन, पण ही टीप सोबत वाचावी.

६ जुलै

बोगनवेलीची पालवी कोमेजू लागली. जून महिन्यात सर्वांत जोमाने फुटलेल्या काड्याच आधी माना टाकत आहेत. उचल संपली. पाने जितकी जास्त, तितके पाणी जास्त उडते, आणि खालून भरपाई नाही. पुढच्या वेळी लवकर फुटलेले कोंब एक-दोन ठेवून बाकीचे खुडावेत का, हे वेगळे तपासले पाहिजे. आत्ता मध्येच पद्धत बदलणार नाही.

१२ जुलै

जास्वंदाची मोजणी, ३५ वा दिवस. साधा गट : ८ पैकी ५ काड्यांना मुळे. भुकटी : ८ पैकी ७. मध : ८ पैकी ३, तेही चमच्याने उचलून पाहावे लागले. एकूण १५.

५ आणि ७ यांतल्या फरकाला मी महत्त्व देत नाही. आठ-आठच्या गटांत एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, आणि साध्या गटातील २ काड्या तर माझ्या हलगर्जीपणाने गेल्या. जास्वंदाला भुकटीची फारशी गरज नसावी असे वाटते. खरा फरक पट्ट्यांवरच्या दुसऱ्या माहितीत निघाला. मधल्या भागातील १४ काड्यांपैकी १२ लागल्या. टोकाच्या ५ पैकी १ आणि बुडाकडच्या ५ पैकी २. कोवळी टोके सुकली किंवा कुजली, जून काड्या नुसत्याच हिरव्या राहिल्या. काय लावले यापेक्षा कुठली काडी घेतली, याने निकाल अधिक हलला, आणि ही गोष्ट मी प्रयोगाचा विषय म्हणून योजलीही नव्हती. काड्या कमी पडल्या म्हणून ती हाती आली.

आता उलट्या काड्यांविषयी. चारांपैकी ३ वाळल्या. चौथी अजून हिरवी आहे. तिचे शेंड्याकडचे टोक पाच आठवडे ओल्या मिश्रणात रुतलेले आहे, तिथे भिंतीशी काहीही नाही. आणि वर हवेत असलेल्या, खरे तर बुडाच्या टोकाला झाकणाखालच्या दमटपणात पांढरट फुगवटा धरला आहे. खाली कोणते टोक आहे हे काडी गुरुत्वाकर्षणावरून ठरवत नाही. तिच्या पेशींतच वर-खाली कोरलेले असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हर्मान फ्योख्टिंग यांनी १८७८ मध्ये विलोच्या फांद्यांचे तुकडे उलटे टांगून हेच दाखवले होते : मुळे मूळच्या बुडाकडेच आली. त्यामागील रसायन मात्र त्यांच्या हाती नव्हते. ओटच्या अंकुराच्या टोकातून झिरपणारा वाढीचा पदार्थ फ्रिट्स वेंट यांनी अगारच्या ठोकळ्यात गोळा केला तो १९२८ मध्ये, आणि तो पदार्थ म्हणजे ऑक्झिन. खोडात ते शेंड्याकडून बुडाकडे एकाच दिशेने पेशीपेशींतून पुढे ढकलले जाते, बुडाशी साठते, आणि तिथेच मुळे फुटतात. काडी उलटी केली तरी ही वाहतूक उलटी होत नाही. पाठ्यपुस्तकातले हे वाक्य मी अनेकदा वाचले होते. तो पांढरा फुगवटा हवेत लटकलेला पाहिल्यावर ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभे राहिले.

१६ जुलै

जास्वंदाच्या १५ कलमांवरील झाकण आज तासभर उघडे ठेवले. रोज थोडे वाढवत जाईन. दमट हवेत वाढलेल्या पानावरचा मेणचट थर पातळ असतो, एकदम कोरड्या हवेत काढले तर मुळे असूनही पान माना टाकते.

२ ऑगस्ट

बोगनवेल, ५६ वा दिवस. मुळे आलेल्या काड्या ७ : साध्या गटात १, भुकटीच्या गटात ५, मधाच्या गटात १. मेलेल्या १४. उरलेल्या ३ काड्या हिरव्या आहेत, त्यांच्या बुडाला व्रणऊतीचा, म्हणजे जखमेवर वाढणाऱ्या पेशींचा, जाड गोळा आहे, पण मूळ नाही.

साधा आणि भुकटीचा गट सारख्याच पेल्यांत, सारख्याच जागी होता, त्यामुळे १ आणि ५ ही तुलना तरी स्वच्छ आहे. आठ काड्यांवर सिद्ध झाले असे म्हणणार नाही, पण पुढच्या वर्षी बोगनवेलीला भुकटी लावल्याशिवाय राहणार नाही, एवढे नक्की.

आणि आता ज्यासाठी हे सगळे मांडले तो हिशेब. २० जूनपर्यंत पालवी फुटलेल्या १९ काड्यांपैकी मुळे आली ६ काड्यांना. न फुटलेल्या ५ पैकी १ काडीला आली, आणि तिला पालवी त्यानंतर, जुलैच्या अखेरीस फुटली. पालवी फुटलेल्या १९ पैकी १३ वाया गेल्या किंवा अडकून पडल्या. म्हणजे पहिल्या पालवीवरून मुळांविषयी मला काहीच सांगता आले नसते. दुसरी खूण मात्र कामाची दिसते : मुळे आलेल्या सातही काड्यांत पाने एका टप्प्यानंतर थांबली नाहीत, नवे पान आधीच्या पानापेक्षा मोठे येत गेले. गेल्या वर्षी मी तिसऱ्या आठवड्यात उपटून पाहिले होते. यंदा बोगनवेलीचे पहिले मूळ भिंतीशी दिसले ते ३७ व्या दिवशी.

उरलेल्या ३ काड्यांचा प्रश्न आहे. व्रणऊती म्हणजे मुळांची पूर्वतयारी, असा समज आहे. प्रत्यक्षात बऱ्याच झाडांत या दोन गोष्टी एकाच परिस्थितीत, पण स्वतंत्रपणे घडतात, आणि मुळे बहुधा खोडाच्या आतून, उतीकराजवळून निघतात. दोघींचा गोळा धारदार पात्याने वरवर तासून भुकटी पुन्हा लावली. तिसरीला हात लावला नाही.

९ ऑगस्ट

बोगनवेलीची ७ कलमे मोठ्या कुंड्यांत हलवली. हिची मुळे केसासारखी बारीक आणि ठिसूळ असतात, मातीचा गोळा फुटला की तीही तुटतात. म्हणून पेले कात्रीने उभे कापून, गोळा जसाच्या तसा सरकवला. ट्रेमधल्या एकुलत्या एका कलमाला हे भाग्य लाभले नाही; ते उचलताना अर्धी मुळे ट्रेमध्येच राहिली.

१८ ऑगस्ट

ते कलम गेले. बाकीची ६ ठीक.

चाफ्याच्या ३ फांद्या हलवून पाहिल्यावर घट्ट वाटतात, शेंड्याला पाने उघडली आहेत. चौथी जुलैत एका जोरदार पावसात उघड्यावर राहिली होती, ती बुडापासून मऊ होऊन कोसळली.

१४ सप्टेंबर

तासलेल्या दोन्ही काड्या काळ्या पडल्या. कदाचित कापाची भरत आलेली जखम पुन्हा उघडी करणेच नडले. न छेडलेली तिसरी हिरवीच आहे, ९९ दिवस झाले. आज कागद सरकवला तेव्हा भिंतीशी एक पांढरा धागा दिसला. बुरशीचा असेल म्हणून भिंग आणले : धागा जाडसर आहे, टोक बोथट आहे, मागे लव आहे, लांबी जेमतेम २ मिलिमीटर. कागद पुन्हा गुंडाळून पेला होता त्याच जागी ठेवला.